एकाच कुंपणात दोन प्रतीकं: विचिटा डोंगरातले बायसन आणि लाँगहॉर्न

आधी एक गोंधळ दूर करतो. आपल्याकडे ‘बायसन’ म्हटलं की दाजीपूरचं जंगल आणि तिथला गवा आठवतो. राधानगरीच्या अभयारण्याची जुनी ओळखच ‘बायसन अभयारण्य’ अशी आहे. या लेखातला बायसन तो नव्हे. हा अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला, पुढच्या अंगावर दाट केस आणि खांद्यावर भलामोठा उंचवटा असलेला प्राणी. तिकडची माणसं त्याला सरसकट ‘बफेलो’ म्हणतात, पण म्हशीशी त्याचं नातं फार लांबचं आहे.

दुसरा प्राणी टेक्सासचा लाँगहॉर्न. ही गुरांची जात, आणि मूळ स्पेनकडून आलेली. सिनेमाच्या पोस्टरवर, दारूच्या बाटलीवर, विद्यापीठाच्या झेंड्यावर ‘जुनी पश्चिम अमेरिका’ दाखवायची असली की या दोघांपैकी एक असतोच. दोघांनाही नामशेष होण्याच्या काठावरून एकाच जागी, एकाच सरकारी कुंपणात मागे आणलं गेलं. ती जागा म्हणजे ओक्लाहोमा राज्याच्या नैर्ऋत्येचे विचिटा डोंगर. तिथे कोणते निर्णय घेतले गेले आणि ते कुठे चुकले, याचा हा अभ्यास. प्रकरण जुनं आणि जाहीर नोंदींतलं आहे, म्हणून सार्वजनिक पदांवरच्या माणसांची नावं ठेवली आहेत. ज्यांच्या वाड्यातून गुरं निवडून आणली ते रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, मात्र निनावीच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत किती बायसन होते याचे अंदाज साधारण ३ कोटींपासून ६ कोटींपर्यंत जातात. मोजणी कोणी केली नव्हती, त्यामुळे हे अंदाज म्हणूनच घ्यायचे. १८८९ साली विल्यम हॉर्नेडे या प्राणिशास्त्रज्ञाने पत्रं पाठवून, माहिती जमवून जी गणती केली ती मात्र थरकाप उडवणारी होती. जंगली, पाळीव, कॅनडातले असे सगळे मिळून १,०९१.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. १८७०च्या सुमारास बायसनचं कातडं कमावून कारखान्याच्या यंत्रांचे पट्टे करण्याची पद्धत बसली. रेल्वे मैदानात शिरली होती, लांब पल्ल्याच्या बंदुका होत्या आणि कातड्याला भाव होता. १८७२ ते १८७४ या तीन वर्षांत दक्षिणेचा कळप जवळपास संपला आणि १८८३पर्यंत उत्तरेचाही. लष्करातल्या अनेकांना ही कत्तल सोयीचीच वाटत होती. मैदानी जमातींचं अन्न, तंबू, पांघरूण सगळं या एका प्राण्यावर उभं होतं. तो गेला की माणसं आपोआप रेशनच्या रांगेत येणार होती. १८७५च्या जूनमध्ये कोमांची प्रमुख क्वाना पार्कर आपल्या माणसांसह विचिटा डोंगरांजवळच्या फोर्ट सिल या लष्करी ठाण्यात शरण आला.

गवत रिकामं झालं आणि त्यावर लाँगहॉर्न आले. टेक्सासात यादवी युद्धाच्या काळात मोकाट वाढलेली लाखो गुरं होती. दक्षिणेत त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, उत्तरेच्या शहरांत मात्र मांसाला चांगला भाव होता. १८६७ साली कॅन्ससमधल्या ॲबिलीन या रेल्वे ठाण्यावर गुरांचा बाजार उभा राहिला, आणि पुढची वीसेक वर्षं कळपच्या कळप चालत उत्तरेकडे गेले. आपण ज्याला काउबॉयचा जमाना म्हणतो तो एवढाच. एका पिढीइतकासुद्धा नाही.

लाँगहॉर्न या कामासाठीच जणू घडलेला होता. लांब पाय, कठीण खूर, काटेरी झुडपांवरही भागवून नेण्याची ताकद, पाण्याशिवाय लांबची मजल. शिंगं म्हणाल तर खिलार बैल पाहिलेल्या माणसाला शिंगांचं नवल वाटायला नको, पण खिलारची वर आणि मागे जातात, याची मात्र आडवी पसरतात. सगळ्यात लांब शिंगं वळूची नसतात, खच्ची केलेल्या बैलाची असतात. पोस्टरवर जो दिसतो तो बहुधा तोच.

मग काटेरी तार आली (तिचं गाजलेलं पेटंट १८७४चं), मोकळी कुरणं बंद झाली, १८८६-८७च्या हिवाळ्याने उत्तरेत गुरांचा फडशा पाडला. रेल्वे टेक्सासात पोचल्यावर चालत जाण्याची गरजही संपली. बाजाराला आता चरबीदार मांस हवं होतं. हिरफर्ड, शॉर्टहॉर्न, अँगस असे विलायती वळू आणून लाँगहॉर्नच्या गायींवर सोडले गेले. बायसनला बंदुकीने मारलं, लाँगहॉर्नला संकराने. दुसऱ्या प्रकारात रक्त सांडत नाही म्हणून ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अडचण

विचिटा डोंगर कायोवा, कोमांची आणि अपाची जमातींच्या राखीव प्रदेशात होते. १९०१ साली तो प्रदेश मोडला. जमातींच्या प्रत्येक माणसाला १६० एकर देऊन उरलेली जमीन सोडत काढून गोऱ्या वसाहतदारांना वाटली. शेतीला निरुपयोगी असलेला डोंगराळ भाग त्याच वर्षी ‘राखीव वन’ झाला आणि १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला शिकार होणाऱ्या प्राण्यांसाठीच्या राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. म्हणजे जागा तयार झाली, पण तिथे ठेवायला प्राणीच नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अमेरिकन बायसन सोसायटी स्थापन झाली. अध्यक्ष हॉर्नेडे, मानद अध्यक्ष रूझवेल्ट. हॉर्नेडे हा मोठा विचित्र माणूस. १८८६ साली ‘हे प्राणी आता संपणारच’ म्हणून संग्रहालयात पेंढा भरून ठेवायला त्याने माँटानात जाऊन स्वतः बायसन मारून आणले होते. वीस वर्षांनी तोच त्यांच्या पुनर्वसनासाठी धावपळ करत होता. आणि १९०६च्या सप्टेंबरात त्याच्याच प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोच्या तरुणाला माकडांच्या घरात लोकांना ‘दाखवायला’ ठेवलं होतं. संवर्धनाच्या इतिहासात ही बाजू सहसा गाळली जाते. मला ती गाळावीशी वाटत नाही, कारण कोणाला वाचवायचं आणि कोणाला हटवायचं हे ठरवणारी माणसं तीच होती.

समोरचे पर्याय

१९०५ ते १९०७ या काळात बायसनबाबत सरकारपुढे तीन वाटा होत्या.

पहिली, काहीच न करणं. बायसन खासगी मालकांकडे होतेच. टेक्सासात चार्ल्स गुडनाइटने पत्नी मेरी ॲनच्या आग्रहावरून काही वासरं वाचवून कळप वाढवला होता. पण खासगी कळप मालकाच्या मर्जीवर आणि कर्जावर असतो. मालक गेला की वारस विकून टाकणार. शिवाय बऱ्याच मालकांना बायसन आणि गाय यांचा संकर करून पैसे कमवायचे होते.

दुसरी वाट मोठा कळप एकगठ्ठा विकत घेण्याची. माँटानात मिशेल पाब्लो या रँचवाल्याकडे तेव्हाचा सगळ्यात मोठा कळप होता. तो चरत होता त्या राखीव प्रदेशाचीही वाटणी होणार होती, म्हणून तो विकायला निघाला होता. अमेरिकी सरकारने पैसे दिले नाहीत. कॅनडाने दिले. १९०७पासून पुढची काही वर्षं ते प्राणी धरून, रेल्वेत भरून सीमेपलीकडे गेले. एकूण सातशेच्या आसपास.

तिसरी वाट म्हणजे प्राणिसंग्रहालयाची देणगी. न्यूयॉर्कवाले म्हणाले, तुम्ही कुंपण घाला, जनावरं आम्ही फुकट देतो. काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, १५,००० डॉलर मंजूर केले आणि सुमारे ८,००० एकरांना कुंपण पडलं.

पहिला निर्णायक क्षण हा. एकाच साली एका देशाने सातशे प्राणी विकत घ्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्याने पंधरा फुकट घेतले. सोसायटीची बाजूही समजून घ्यायला हवी. सगळे प्राणी एका जागी ठेवले तर एखाद्या साथीत सगळेच जातील, म्हणून देशभर छोटे छोटे कळप वसवायचे, हा तिचा विचार पक्का होता आणि रास्तही होता. पण छोटे कळप वसवणं आणि मोठा कळप हातचा घालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी चूक पहिल्या युक्तिवादाआड लपून गेली.

पहिली कृती: पंधरा पेट्या

११ ऑक्टोबर १९०७ला न्यूयॉर्कहून सहा नर आणि नऊ माद्या निघाल्या. प्रत्येकाला स्वतंत्र लाकडी पेटी होती, जनावराला वळता येणार नाही इतकी अरुंद. वळायला जागा मिळाली असती तर उधळून त्यांनी पेटीही फोडली असती आणि स्वतःचे पायही. सात दिवस रेल्वेने प्रवास करून १८ तारखेला ती कॅश नावाच्या छोट्या स्टेशनवर पोचली. तिथून पेट्या घोडागाड्यांवर चढवून डोंगरापर्यंत नेल्या.

स्टेशनवर कायोवा आणि कोमांची कुटुंबं जमली होती. क्वाना पार्करही होता, त्याचं घर जवळच होतं. जमलेल्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी बायसनची शिकार केली होती. मुलांनी मात्र हा प्राणी फक्त गोष्टीत ऐकला होता. कायोवा लोकांत एक कथा सांगतात. शेवटचे बायसन लढून थकले, तेव्हा एका पहाटे धुक्यातून एका बाईला ते माउंट स्कॉटकडे चालत जाताना दिसले. डोंगर उघडला, आत सगळं हिरवंगार होतं. बायसन आत गेले आणि डोंगर मिटला. हा माउंट स्कॉट याच राखीव क्षेत्रात आहे. पेट्या ज्या वाटेने गेल्या, ती वाट त्या कथेतल्या डोंगरांतच जात होती.

सोसायटीच्या कागदांत या लोकांचा उल्लेख ‘पाहायला आलेले’ असाच येतो. त्यांना विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

गोचिडीचा प्रश्न

या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही प्राण्यांचा धागा इथे जुळतो.

टेक्सासचे कळप उत्तरेकडे जात तेव्हा एक विचित्र गोष्ट घडे. लाँगहॉर्न धडधाकट चालत जात. महिनाभराने त्याच वाटेवर चरलेली स्थानिक गुरं तापाने फणफणून, लाल लघवी करत मरत. ज्यांनी रोग आणला ते निरोगी, आणि मधे महिनाभर काहीच नाही. मग लाळेपासून श्वासापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कॅन्ससमधल्या शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन कळप अडवले, कायदे झाले, हद्दी आखल्या गेल्या.

१८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न या अमेरिकी संशोधकांनी उलगडा केला. रोग गोचीड पसरवते. रक्त प्यायलेली मादी गोचीड वाटेत गळून पडते, अंडी घालते, त्यांतून निघालेली पिल्लं दुसऱ्या जनावराला चिकटून रक्तातला परजीवी त्याच्यात सोडतात. मधला महिना या पिल्लांना लागणारा. लाँगहॉर्न वासरं लहानपणीच आजारून उठलेली असत, त्यामुळे मोठेपणी त्यांना काही होत नसे. आपल्याकडे ज्यांच्या गोठ्यात संकरित गाय गोचीडतापाने गेली आणि शेजारची गावठी गाय तशीच उभी राहिली, त्यांना हे समजवायला नको.

१९०७ साली नैर्ऋत्य ओक्लाहोमा याच गोचीड-पट्ट्यात होता. न्यूयॉर्कहून आलेल्या बायसनांना ही गोचीड माहीत नव्हती. म्हणजे लाँगहॉर्नच्या वाटांनी मागे ठेवलेला रोग परत आणलेल्या बायसनांना संपवू शकला असता. म्हणून त्यांना मोकळं सोडण्याऐवजी आधी आवारात ठेवलं आणि अंगावर कच्च्या खनिज तेलाचे फवारे मारले. पोस्टरवरच्या रुबाबदार प्राण्याचं खरं पहिलं चित्र हे आहे: आवारात उभा, तेलाने चिकटलेले केस, आणि बाहेर हातात फवाऱ्याची नळी धरलेला वनरक्षक.

हा निर्णय योग्य होता. घाई केली असती तर सगळा प्रयोग पहिल्याच उन्हाळ्यात आटोपला असता. शास्त्र हाताशी होतं आणि ते वापरलं गेलं, असं या प्रकरणात फार वेळा म्हणता येत नाही.

दुसरी कृती: खरा लाँगहॉर्न कोणता?

बायसन स्थिरावले, वाढले. वीस वर्षांनी वन विभागाच्या लक्षात आलं की दुसरा प्राणीही गेल्यात जमा आहे. टेक्सास विद्यापीठाने १९१६ साली एक लाँगहॉर्न बैल आपलं बोधचिन्ह म्हणून मिरवला आणि १९२० साली तोच खाटकाकडे पाठवून मेजवानीत वाढला. प्रतीकाचं कौतुक आणि प्राण्याची पर्वा यांत किती अंतर असतं, ते या जेवणावरून कळावं.

१९२७ साली काँग्रेसने लाँगहॉर्नच्या कळपासाठी ३,००० डॉलर दिले. पाठपुरावा करणारा सिनेटर जॉन केंड्रिक, वायोमिंगचा. तरुणपणी तो स्वतः टेक्सासहून गुरं हाकत उत्तरेला गेला होता. म्हणजे हा पैसा काही अंशी एका म्हाताऱ्याच्या तरुणपणाच्या आठवणीचा होता, आणि त्यात काही वाईट नाही. प्रत्यक्ष शोधायला गेले विल बार्न्स आणि जॉन हॅटन, दोघेही वन विभागाचे. बार्न्सने पूर्वी ॲरिझोनात स्वतः गुरं पाळली होती.

दोघांनी दक्षिण टेक्सासात मेक्सिकोच्या सीमेपर्यंत हजारो मैल पालथे घातले, तीस हजारांवर गुरं नजरेखालून घातली. त्यांतून कळपाला पुरेशी वाटली ती जेमतेम दोन-तीन डझन.

दुसरा निर्णायक क्षण इथे आहे. निवड कशावरून करायची? वंशावळीचं पुस्तक नव्हतं. रक्त तपासून जात सांगण्याची सोय नव्हती. होती फक्त दोन अनुभवी माणसांची नजर: शिंगांचं वळण, पाठीची रेघ, अंगाचा सडपातळपणा, रंगांची सरमिसळ. हिरफर्डसारखा पांढरा चेहरा दिसला की बाद. खांद्यावर वशिंड किंवा गळ्याखाली लोंबती पोळी दिसली की बाद, कारण ते झेबूचं, म्हणजे आपल्या गुरांचं रक्त.

हे झेबू तिकडे कसे? भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांतून अमेरिकेत ‘ब्राह्मण’ नावाची जात घडवली गेली. उष्णता आणि गोचीड सोसण्यात ती सरस, म्हणून दक्षिण टेक्सासच्या रँचवाल्यांनी तिचे वळू लाँगहॉर्नच्या गायींवर सोडले. सांगली-मिरजेकडच्या कृष्णेच्या काठची जनावरं टेक्सासच्या लाँगहॉर्नला मागे सारण्यात थोडी का होईना भागीदार आहेत, हे तिकडे फारसं कोणी सांगत नाही आणि इकडे कोणाला माहीत नसतं.

गंमत पुढे आहे. २०१३ साली टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी लाँगहॉर्नचा जनुकीय वारसा तपासला. बहुतेक भाग युरोपीय गुरांचा निघाला, पण सुमारे १५ टक्के वारसा भारतीय वंशाच्या गुरांचा होता. तो एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या ब्राह्मण वळूंचा नव्हे. त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेमार्गे स्पेनमध्ये आणि तिथून जहाजाने कोलंबसाच्या मागोमाग गेलेला. बार्न्स आणि हॅटन वशिंड बघून जनावरं बाद करत होते, तेव्हा निवडलेल्या प्रत्येकाच्या अंगात त्याच पूर्वजांचा अंश होता. ‘शुद्ध’ हा शब्द गुरांच्या बाजारात जपूनच वापरावा.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९२७ साली नजर हेच हत्यार होतं, आणि ते वापरलं नसतं तर आज तपासायलाही काही उरलं नसतं. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी वाचवलं ते मनातल्या चित्राशी जुळणारं जनावर. कमी लांब शिंगांची, साध्या तांबड्या रंगाची, पण चिवट आणि दुष्काळात तग धरणारी एखादी गाय त्यांच्या हातून सुटली असेल, तर ती कोणालाच दिसली नाही.

निष्पत्ती

दोन्ही कळप टिकले. १९३६ साली जागेचं नाव विचिटा माउंटन्स वन्यजीव आश्रय झालं. क्षेत्र सुमारे ५९ हजार एकर. बायसन साडेसहाशेच्या आसपास, लाँगहॉर्न तीनशेच्या आसपास ठेवतात. गवत किती आहे यावर संख्या ठरते. दर वर्षी जास्तीची जनावरं गोळा करून लिलावाने विकली जातात.

१९४०च्या दशकात लेखक जे. फ्रँक डोबी आणि त्याच्या मित्रांनी टेक्सासातही सरकारी कळप उभा केला. १९६४ साली लाँगहॉर्न पाळणाऱ्यांची संघटना झाली. तिच्या नोंदवहीतल्या सात मूळ वंशांपैकी एक विचिटाचा आहे. १९९५ साली लाँगहॉर्न टेक्सास राज्याचा अधिकृत मोठा सस्तन प्राणी ठरला, २०१६ साली बायसन अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी.

इथपर्यंत सगळं छान. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. लाँगहॉर्न पाळणाऱ्यांत शिंगांची चढाओढ लागली. आज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन मीटरहून जास्त शिंगं असलेले बैल विक्रमांच्या पुस्तकात आहेत. जुन्या वाटेवरून असा बैल चालूच शकला नसता, पहिल्याच झुडपांत अडकला असता. जात जगली, पण ज्या गुणांसाठी ती उभी राहिली होती ते बाजूला पडून पोस्टरचा गुण पुढे आला. याला वैतागून १९९० साली काही जणांनी जुन्या धाटणीची जनावरं रक्त तपासून नोंदवणारी वेगळी नोंदवहीच काढली.

बायसनचंही तसंच. आज उत्तर अमेरिकेत लाखो बायसन आहेत, पण बहुतेक मांसासाठी पाळलेले. संवर्धन म्हणून राखलेल्या कळपांत वीसेक हजार. आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तपासलेल्या सगळ्या प्रमुख कळपांत, अगदी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही, गुरांच्या रक्ताचा थोडा अंश सापडला. त्या जुन्या खासगी मालकांच्या संकराचा हा वारसा.

काय वेगळं करता आलं असतं

पाब्लोचा कळप घ्यायला हवा होता. याबाबत माझ्या मनात शंका नाही. पंधरा प्राण्यांपासून सुरू झालेला कळप किती का वाढेना, तो पंधरांच्याच वारशाचा राहतो. साडेसहाशेचा आकडा दिसायला भरघोस आहे, पण दीर्घकाळ जनुकीय विविधता टिकवायला हजाराच्या आसपास प्राणी लागतात असं तज्ज्ञ मानतात. वेगवेगळ्या सरकारी कळपांत मधूनमधून अदलाबदल करणं हा त्यावरचा उपाय, आणि तो करायला कित्येक दशकं लागली.

१९२७ साली नजरेने निवड करणं भाग होतं. पण बाद केलेल्या जनावरांच्या नोंदी ठेवता आल्या असत्या: कोणती, का, कुठल्या भागातली. ‘हे घेतलं’ एवढंच लिहिलं की पुढच्या पिढीला निकष दिसतो, त्याची मर्यादा दिसत नाही. आपल्याकडे देशी गोवंशाच्या निवडीत आजही हीच चूक होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

जमातींना सोबत घेणं ही तिसरी गोष्ट. १९०७ साली ते कोणी केलं असतं असं मानणं भाबडेपणा होईल. पण मधली अनेक दशकं जास्तीचे बायसन लिलावात जात होते आणि डोंगराच्या पायथ्याशीच ते लोक राहत होते. १९९२ साली जमातींनी स्वतःची बायसन परिषद स्थापन केली, तेव्हा कुठे जास्तीचे सरकारी प्राणी जमातींच्या जमिनीवर पाठवण्याची घडी बसू लागली. लिलावाचे नियम बदलायला कायद्याचा डोंगर हलवावा लागत नाही. हे पन्नास वर्षं आधी शक्य होतं.

चौथा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा नेहमी वाद होतो. वन्यजीवांच्या आश्रयस्थानात पाळीव गुरं का? लाँगहॉर्न तिथला वन्यप्राणी कधीच नव्हता. तो तिथून गेला तो बायसनच्या रिकाम्या जागेवरून, वाटसरू म्हणून. इतिहास म्हणून त्याला जागा द्यायला हरकत नाही. पण आज त्याच्या सरकारी कळपावर जात अवलंबून नाही, खासगी पाळणाऱ्यांकडे लाँगहॉर्न भरपूर आहेत. आणि तीनशे लाँगहॉर्न खातात ते गवत बायसनच्या वाट्याचं असतं. विद्यार्थ्यांतले निम्मे म्हणतात, लोक त्यांनाच बघायला येतात, आणि येणाऱ्या माणसांच्या पाठिंब्यावर जागा टिकते. तेही खोटं नाही.

साडेसहाशे आणि तीनशे. निर्णय माझ्या हातात असता तर मी दुसरा आकडा शंभरावर आणला असता आणि मोकळं झालेलं कुरण पहिल्याला दिलं असतं. शंभरच का, हे विचारलं तर उत्तर कागदावर नाही. त्यासाठी दुष्काळाच्या वर्षी ऑगस्टात तिथे जाऊन गवत बघावं लागेल.